लॉगिन माणसाचं, राबणं स्क्रिप्टचं: चालू असलेल्या क्रोमला ऑटोमेशन जोडताना

सोलापुरात टॉवेल-चादरीचा धंदा करणाऱ्या बऱ्याच ऑफिसांत गेल्या काही वर्षांत एक काम वाढलं आहे. मोठा खरेदीदार आता ऑर्डर फोनवर सांगत नाही, आपल्या वेंडर पोर्टलवर टाकतो. मग अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या ऑफिसात बसलेल्या माणसाने रोज त्या पोर्टलवर जायचं, नवीन परचेस ऑर्डर शोधायच्या, एकेकीची पीडीएफ उतरवायची आणि साइज, जीएसएम (चौरस मीटरमागे कापडाचं वजन), नग, डिलिव्हरीची तारीख हे सगळं एक्सेलमध्ये भरायचं. ऑर्डर चाळीस असोत की चारशे, काम तेच. हे काम स्क्रिप्टला, म्हणजे आपोआप चालणाऱ्या छोट्या प्रोग्रामला, द्यावं असं कुणालाही वाटेल.

अडतं ते लॉगिनपाशी. पासवर्ड टाकला की कॅप्चा येतो. कॅप्चा भरला की ओटीपी मालकांच्या मोबाइलवर जातो आणि मालक कारखान्यात मागाच्या आवाजात उभे असतात. "अण्णा, ओटीपी आलाय का बघा की," असा फोन दिवसातून एकदा करणं ठीक आहे. स्क्रिप्ट प्रत्येक वेळी नवा ब्राउझर उघडून नव्याने लॉगिन मागत असेल, तर ते कुणालाच परवडत नाही.

यावरचा उपाय सरळ आहे. सकाळी माणसाने स्वतः ब्राउझर उघडावा, कॅप्चा-ओटीपी देऊन लॉगिन करावं आणि त्याच चालू ब्राउझरला स्क्रिप्ट जोडावी. हे कसं करायचं, ते पुढे पायरीपायरीने सांगतो. विंडोज आणि क्रोम धरून लिहिलं आहे, कारण ऑफिसांत बहुतेक तेच असतं.

वाचण्याआधी एक सूचना. या लेखातल्या आज्ञा आणि कोड उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. टाइप करताना त्या इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत टाइप करा. मी वेगळं सांगितलं नसेल तिथे सगळी अक्षरं स्मॉल. जिथे कॅपिटल अक्षराने बिघडतं, तिथे तसं सांगितलं आहे.

आत काय घडतं

सेलेनियम किंवा प्लेराइट (प्रोग्रामने ब्राउझर चालवायची साधनं) नेहमीच्या पद्धतीने चालवलं, की ते क्रोमची नवी खिडकी उघडतं. त्या खिडकीचं प्रोफाइल कोरं असतं. कुकी (पोर्टल ओळख पटवायला ब्राउझरमध्ये ठेवतं ती छोटी नोंद) नाही, सेव्ह केलेलं काही नाही, म्हणून पोर्टल तुम्हाला ओळखत नाही. तुमचं लॉगिन म्हणजे प्रत्यक्षात त्या प्रोफाइलमध्ये ठेवलेली कुकी असते, आणि कोऱ्या प्रोफाइलमध्ये ती येणार कुठून?

क्रोममध्ये डेव्हटूल्स प्रोटोकॉल नावाची सोय आहे. एफ-१२ दाबल्यावर उघडणारी डेव्हलपर टूल्स याच प्रोटोकॉलने ब्राउझरशी बोलतात. क्रोम सुरू करताना विशिष्ट सूचना दिली, तर तो आपल्याच कॉम्प्युटरवर एक पोर्ट, म्हणजे इतर प्रोग्रामना बोलण्यासाठी क्रमांकाचा दरवाजा, उघडतो. प्रथेने हा पोर्ट ९२२२ असतो. त्या पोर्टवर वेबसॉकेट नावाची सतत चालू राहणारी जोडणी करून कुठलाही प्रोग्राम सांगू शकतो: या टॅबवर अमुक पान उघड, तमुक बटण दाब, पानावरचा मजकूर दे. सेलेनियम वापरतं तो क्रोमड्रायव्हर (सेलेनियमचे हुकूम क्रोमपर्यंत नेणारा प्रोग्राम), मायक्रोसॉफ्टचं प्लेराइट, क्रोमच्या टीमने २०१७ मध्ये आणलेलं पपेटिअर, ही सगळी इथूनच आत येतात.

यातली कळीची गोष्ट ही की पोर्ट क्रोम सुरू होतानाच उघडावा लागतो. रोजचं क्रोम आधीच चालू असताना त्याला मागून ही सूचना देता येत नाही. पोर्टची सूचना देऊन पुन्हा क्रोम सुरू केलं, तर नवी प्रक्रिया फक्त "आणखी एक खिडकी उघड" एवढा निरोप जुन्या प्रक्रियेला देते आणि स्वतः बंद होते. खिडकी दिसते, पोर्ट मात्र उघडत नाही. पहिल्यांदा करणारे सर्वांत जास्त इथेच अडकतात. अगदी अलीकडच्या क्रोममध्ये इन्स्पेक्ट पानावरून चालू ब्राउझरला परवानगी देण्याची एक सोय आली आहे, पण सेलेनियमने रोजचं काम करायला पोर्टचाच रस्ता धरावा.

पायरी पहिली: वेगळं प्रोफाइल

जुन्या लेखांत आणि व्हिडिओंत फक्त पोर्टची सूचना दिलेली असते. आता तेवढ्याने भागत नाही. २०२५ मध्ये आलेल्या क्रोम १३६ पासून नेहमीच्या प्रोफाइलच्या फोल्डरवर रिमोट डीबगिंगची, म्हणजे हा पोर्ट उघडण्याची, सूचना क्रोम मानतच नाही. सोबत वेगळा डेटा फोल्डर द्यावाच लागतो.

असं का केलं ते समजून घ्या, कारण पुढची सगळी काळजी त्यातूनच निघते. कुकी चोरणारे मालवेअर पूर्वी क्रोमच्या फाइलमधून कुकी उचलायचे. २०२४ मध्ये गूगलने विंडोजवर कुकीचं एन्क्रिप्शन ॲपला बांधून टाकलं, फाइल चोरून उपयोग होईना. मग चोरांनी हाच डीबगिंगचा दरवाजा धरला. तुमचंच क्रोम पोर्टसह सुरू करायचं आणि त्याच्याकडूनच उलगडलेल्या कुकी मागून घ्यायच्या. म्हणून क्रोमने नेहमीच्या प्रोफाइलपुरता तो दरवाजा बंद केला. बंधन योग्य आहे. त्याला वळसा घालण्याच्या युक्त्या शोधू नका. जुनं प्रोफाइल नव्या फोल्डरमध्ये कॉपी करण्याच्याही फंदात पडू नका. वेगळ्या फोल्डरची एन्क्रिप्शनची किल्ली वेगळी असते, आणि तसंही या कामासाठी कोरं प्रोफाइलच हवं.

डी ड्राइव्हवर एक नवा फोल्डर करा. नावात मोकळी जागा नको, उदाहरणार्थ डी:\पोर्टलक्रोम. हा फोल्डर नेटवर्कवर शेअर केलेल्या किंवा क्लाउडला सिंक होणाऱ्या जागेत ठेवू नका. तुमचं लॉगिन त्यातच राहणार आहे.

आता डेस्कटॉपवरच्या क्रोमच्या शॉर्टकटची एक प्रत करा. प्रतीवर राइट-क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा. टार्गेट नावाच्या चौकटीत क्रोमचा पत्ता अवतरणचिन्हांत असेल. शेवटच्या अवतरणचिन्हानंतर एक स्पेस देऊन हे जोडा:

--रिमोट-डीबगिंग-पोर्ट=९२२२ --यूझर-डेटा-डिर=डी:\पोर्टलक्रोम

प्रत्येक सूचनेच्या सुरुवातीला दोन डॅश आहेत. व्हॉट्सॲपवरून कॉपी केलेल्या मजकुरात दोन डॅशचा मिळून एक लांब डॅश झालेला असतो आणि मग सूचना चालत नाही, म्हणून हातानेच टाइप करा. शॉर्टकटला "पोर्टल क्रोम" असं नाव द्या.

तो उघडला की क्रोम नव्याने घेतल्यासारखा दिसेल आणि गूगल खात्यात साइन-इन करायला सांगेल. करू नका. साइन-इन करून सिंक चालू केलं, की मालकांचे सगळे सेव्ह केलेले पासवर्ड या खिडकीत येतील आणि वेगळं प्रोफाइल करण्याचा उपयोगच उरणार नाही. सेटिंग्जमध्ये जाऊन या प्रोफाइलला भडक रंगाची थीम लावा. ऑफिसातल्या कुणालाही लांबूनच कळायला हवं की ही खिडकी पोर्टलच्या कामाची आहे आणि यात बँक उघडायची नाही.

डेटा फोल्डर वेगळा असल्याचा एक फायदा असा, की तुमचं नेहमीचं क्रोम बंद करावं लागत नाही. दोन्ही शेजारी शेजारी चालतात. आधी सांगितलेली "जुन्या प्रक्रियेला निरोप" ही अडचण एकाच डेटा फोल्डरपुरती असते.

पायरी दुसरी: पोर्ट उघडला का

ही तपासणी टाळू नका. पुढे काहीही अडलं तरी दोष ब्राउझरचा की स्क्रिप्टचा, हे इथेच ठरतं. त्याच कॉम्प्युटरवर कुठल्याही ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत हे टाका:

१२७.०.०.१:९२२२/जेसन/व्हर्जन

क्रोमची आवृत्ती आणि "वेबसॉकेट डीबगर यूआरएल" अशा नावाची एक ओळ दिसली, तर पोर्ट उघडा आहे. शेवटी व्हर्जनऐवजी लिस्ट लिहिलंत, तर उघड्या टॅबांची यादीही मिळते. "साइटपर्यंत पोहोचता येत नाही" असं आलं, तर टास्क मॅनेजर उघडून बघा. त्याच फोल्डरवर चाललेलं क्रोम मागे राहिलेलं असतं. खिडक्या बंद केल्या तरी क्रोम पार्श्वभूमीवर चालू राहू शकतं. सेटिंग्जमधल्या सिस्टिम विभागात त्याचा पर्याय आहे, तो या प्रोफाइलमध्ये बंद करून टाका.

९२२२ दुसऱ्याच प्रोग्रामने घेतला असेल तर ९२२३ वापरा. मात्र बदल शॉर्टकट आणि स्क्रिप्ट, दोन्हीकडे करा.

पोर्ट ठीक असेल तर त्या खिडकीत पोर्टल उघडा, अण्णांना फोन करून ओटीपी घ्या आणि लॉगिन करून खिडकी तशीच ठेवा. बऱ्याच पोर्टलांची कुकी क्रोम बंद होताच संपते, म्हणून दिवसभर ती खिडकी उघडी असणं महत्त्वाचं.

पायरी तिसरी: सेलेनियम जोडणं

पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा कॉम्प्युटरवर असेल तर कमांड प्रॉम्प्टमध्ये "पिप इन्स्टॉल सेलेनियम" एवढं पुरतं. ४.६ आवृत्तीपासून सेलेनियमसोबत सेलेनियम मॅनेजर येतो आणि तुमच्या क्रोमला जुळणारा ड्रायव्हर तोच उतरवून घेतो. जुन्या शिकवणीप्रमाणे क्रोमड्रायव्हर हाताने आणून फोल्डरमध्ये ठेवू नका. क्रोम स्वतःला अपडेट करत राहतं, ड्रायव्हर जुनाच राहतो, आणि एके दिवशी आवृत्ती जुळत नाही अशी तक्रार येते.

जोडणीचा कोड चार ओळींचा आहे:

फ्रॉम सेलेनियम इम्पोर्ट वेबड्रायव्हर
ऑप्शन्स = वेबड्रायव्हर.क्रोमऑप्शन्स()
ऑप्शन्स.ॲड_एक्सपेरिमेंटल_ऑप्शन("डीबगरॲड्रेस", "१२७.०.०.१:९२२२")
ड्रायव्हर = वेबड्रायव्हर.क्रोम(ऑप्शन्स=ऑप्शन्स)

"क्रोमऑप्शन्स"मध्ये सी आणि ओ कॅपिटल, "डीबगरॲड्रेस"मध्ये फक्त ॲड्रेसचा ए कॅपिटल, आणि शेवटच्या ओळीत कंसाआधीच्या क्रोमचा सी कॅपिटल. पत्त्याआधी एचटीटीपी लावायचं नाही. चालवल्यावर नवी खिडकी उघडली नाही आणि चूकही दिसली नाही, तर जोडणी झाली. "प्रिंट(ड्रायव्हर.टायटल)" लिहून कुठल्या टॅबला जोडलं गेलं ते बघा.

हे बघणं गरजेचं आहे, कारण तुम्हाला समोर दिसणारा टॅब आणि स्क्रिप्टच्या हातात आलेला टॅब एकच असेल याची खात्री नसते. टॅबांचा क्रमही पट्टीवर दिसतो तसाच मिळेल असं नाही. म्हणून पत्त्यावरून टॅब शोधायचा:

फॉर टॅब इन ड्रायव्हर.विंडो_हँडल्स:
    ड्रायव्हर.स्विच_टू.विंडो(टॅब)
    इफ "वेंडर" इन ड्रायव्हर.करंट_यूआरएल:
        ब्रेक

"वेंडर"च्या जागी तुमच्या पोर्टलच्या पत्त्यातला ओळखीचा तुकडा घाला.

इथून पुढे सगळं नेहमीचंच सेलेनियम. फक्त चालू ब्राउझरला जोडलेलं असल्यामुळे काही गोष्टी वेगळ्या वागतात.

डाउनलोडचा फोल्डर, खिडकीचा आकार, हेडलेस (खिडकी न दाखवता चालवणं) असे पर्याय क्रोम सुरू होताना लागू होतात. तुमचं क्रोम आधीच सुरू आहे, त्यामुळे कोडमध्ये ते लिहून काहीच बदलत नाही. पीडीएफ ठरावीक फोल्डरमध्ये हव्या असतील, तर त्याच खिडकीच्या सेटिंग्जमध्ये एकदा डाउनलोडची जागा ठरवा आणि "प्रत्येक वेळी विचारा" बंद करा. पीडीएफ उघडण्याऐवजी थेट उतरवण्याचा पर्यायही क्रोमच्या साइट सेटिंग्जमध्ये मिळतो.

खिडकी मिनिमाइझ करू नका. मागे पडलेल्या पानांचे टायमर क्रोम मुद्दाम संथ करतं, आणि पोर्टलची यादी भरायला वेळ लागू लागतो. स्क्रिप्ट चालू असताना त्याच टॅबमध्ये माणसाने क्लिकही करू नये. हाताने काही बघायचं असेल तर वेगळा टॅब उघडा किंवा नेहमीचं क्रोम वापरा.

थांबण्याबद्दल माझं मत ठाम आहे. "टाइम.स्लीप" लिहून पाच-पाच सेकंद झोपणाऱ्या स्क्रिप्ट टिकत नाहीत. दुपारी पोर्टलवर गर्दी झाली की पाच सेकंद पुरत नाहीत, आणि सकाळी तेच सेकंद फुकट जातात. वेबड्रायव्हरवेट (दोन्ही डब्ल्यू आणि डी कॅपिटल) वापरून यादीची पहिली ओळ दिसेपर्यंत थांबा, बटण दाबता येण्याजोगं होईपर्यंत थांबा. ऑर्डर नंबर आधी एक्सेलमध्ये आहे का ते तपासून मगच पीडीएफ उतरवा. म्हणजे स्क्रिप्ट मध्येच बंद पडली तरी पुन्हा पहिल्यापासून चालवता येते आणि एकच ऑर्डर दोनदा चढत नाही. टॉवेलची ऑर्डर दोनदा चढली तर सूत दुप्पट उचललं जाईल. म्हणून हा तपास बाकी सगळं करण्याआधी लिहा.

लॉगिन संपलं तर काय, हेही स्क्रिप्टला कळायला हवं. प्रत्येक ऑर्डरआधी सध्याचा पत्ता बघा. लॉगिनच्या पानावर फेकलं गेलं असेल, तर तिथेच थांबून स्क्रीनवर ठळक निरोप द्या आणि माणसाने पुन्हा लॉगिन केल्यावर पुढे चला.

प्लेराइट किंवा पपेटिअर वापरत असाल तर

प्लेराइटमध्ये जोडणी अशी होते ("पी" म्हणजे सुरू केलेलं प्लेराइट):

ब्राउझर = पी.क्रोमियम.कनेक्ट_ओव्हर_सीडीपी("एचटीटीपी://१२७.०.०.१:९२२२")
कॉन्टेक्स्ट = ब्राउझर.कॉन्टेक्स्ट्स[०]
पेज = कॉन्टेक्स्ट.पेजेस[०]

यातली दुसरी ओळ जपा. सवयीने "न्यू_कॉन्टेक्स्ट" लिहिलंत, तर प्लेराइट त्याच क्रोममध्ये कोरा कप्पा उघडतं आणि लॉगिन गायब झाल्यासारखं दिसतं. तुमची कुकी शून्य क्रमांकाच्या कॉन्टेक्स्टमध्येच आहे. ही पद्धत क्रोम, एज अशा क्रोमियमच्या ब्राउझरांपुरती आहे. प्लेराइट स्वतः उघडतं त्या ब्राउझरइतक्या साऱ्या सोयी इथे मिळत नाहीत, हे त्याच्या माहितीपत्रकातच म्हटलेलं आहे.

पपेटिअरमध्ये "कनेक्ट" वापरताना "डीफॉल्टव्ह्यूपोर्ट: नल" (व्ह्यूपोर्टचा व्ही कॅपिटल) द्यायला विसरू नका, नाहीतर पान आक्रसून ८०० बाय ६०० होतं आणि पोर्टलची अर्धी बटणं मेनूत लपतात.

नवीन शिकणाऱ्याने काय निवडावं? पायथन आणि एक्सेल हाताळता येत असेल, तर चालू ब्राउझरला जोडण्याच्या कामापुरतं मी सेलेनियमच सुचवेन. प्लेराइटची आपोआप थांबण्याची पद्धत जास्त चांगली आहे. ज्यांना ते आधीच येतं, त्यांनी ते सोडू नये.

काम झाल्यावर सुटायचं कसं

सेलेनियममध्ये अशा जोडणीवर "ड्रायव्हर.क्विट" म्हटलं, की क्रोमड्रायव्हर निघून जातो आणि तुमची खिडकी राहते. "ड्रायव्हर.क्लोज" मात्र हातातला टॅब खरोखर बंद करतं. पपेटिअरमध्ये नेमकी काळजी घ्या: "डिसकनेक्ट" म्हणजे सुटणं, "क्लोज" म्हणजे अख्खं क्रोम बंद आणि अण्णांना पुन्हा ओटीपीसाठी फोन. प्लेराइटमध्ये क्लोज न लिहिता स्क्रिप्ट संपू दिली, तरी जोडणी सुटते.

अडल्यावर काय बघायचं

जोडणी नाकारली असं आलं, तर दुसऱ्या पायरीतली तपासणी पुन्हा करा. तिथे उत्तर येतं आणि स्क्रिप्टला मात्र नकार मिळतो, असं असेल तर स्क्रिप्टमध्ये "लोकलहोस्ट" लिहिलं आहे का बघा. पपेटिअर ज्यावर चालतं त्या नोडच्या १७ आणि पुढच्या आवृत्त्यांत या नावाचा अर्थ आधी आयपीव्ही-६ चा पत्ता असा लागू शकतो, आणि क्रोम तिथे ऐकत नसतं. १२७.०.०.१ असं आकड्यांतच लिहा.

४०३ ची चूक वेबसॉकेट जोडताना आली, तर ती क्रोम १११ पासूनच्या ओरिजिन तपासणीमुळे (जोडणी कुठल्या पत्त्यावरून आली ते बघण्यामुळे) असते. सेलेनियम-प्लेराइटच्या ताज्या आवृत्त्यांना ती सहसा येत नाही, स्वतः लिहिलेल्या जोडणीला येते. "रिमोट-अलाउ-ओरिजिन्स" या सूचनेत फक्त आपला पत्ता द्या. इंटरनेटवर त्याच्यापुढे चांदणी, म्हणजे "सगळ्यांना परवानगी", लावायला सांगतात. तसं केलंत तर तुम्ही उघडलेलं कुठलंही वेबपान या पोर्टशी बोलायचा प्रयत्न करू शकेल.

एजसाठी सगळं हेच, फक्त शॉर्टकट एजचा, वर्ग एजऑप्शन्सचा (ई आणि ओ कॅपिटल) आणि शेवटच्या ओळीत कंसाआधी क्रोमऐवजी एज (ई कॅपिटल). फायरफॉक्सची रीत वेगळी आहे. फायरफॉक्स "--मॅरिओनेट" या सूचनेसह सुरू करायचा, आणि गेकोड्रायव्हरला "--कनेक्ट-एक्झिस्टिंग" व "--मॅरिओनेट-पोर्ट" या सूचना देऊन २८२८ हा पोर्ट सांगायचा.

दरवाजा कुणासाठी उघडा आहे

या पोर्टला पासवर्ड नसतो. त्या कॉम्प्युटरवर चालणारा कुठलाही प्रोग्राम तिथे जाऊन लॉगिनच्या कुकी घेऊ शकतो, पानं वाचू शकतो, तुमच्या नावाने फॉर्म भरू शकतो. क्रोम हा पोर्ट आपल्याच कॉम्प्युटरपुरता ठेवतं, बाहेरच्याला देत नाही, ही चांगली गोष्ट आहे. ती तशीच राहू द्या. घरून काम करता यावं म्हणून राउटरवर ९२२२ पुढे पाठवणं, किंवा ऑफिसच्या वायफायवर तो उघडा करणं, कधीही करू नका. घरून करायचंच असेल, तर त्या कॉम्प्युटरवर सुरक्षित रिमोट डेस्कटॉपने या आणि स्क्रिप्ट तिथेच चालवा.

या खिडकीत बँक, ईमेल, मालकांचं वैयक्तिक काहीही उघडू नका. पायरेटेड सॉफ्टवेअर किंवा कुठून तरी आणलेली एक्सटेन्शन असलेल्या मशीनवर हे काम ठेवू नका.

परवानगीचाही विचार करा. खरेदीदाराच्या पोर्टलच्या अटी वाचा आणि त्यांच्या माणसाला ईमेलने विचारा. अनेकदा तेच एक्सेल डाउनलोडची किंवा एपीआयची (प्रोग्रामने थेट माहिती घेण्याची) सोय दाखवतात आणि स्क्रिप्टची गरजच संपते. जीएसटी आणि ई-वे बिलाच्या कामासाठी तर सरकारमान्य जीएसटी सुविधा प्रोव्हायडरमार्फत एपीआयचा रस्ता आहेच, तिथे ब्राउझर हलवत बसू नका. कॅप्चा आणि ओटीपी माणसासाठी ठेवले आहेत, ते माणसानेच द्यावेत. एका ऑर्डरनंतर दुसरी उघडण्याआधी दोन-तीन सेकंद जाऊ द्या, समोरच्या सर्व्हरवर इतर पुरवठादारही असतात.

संध्याकाळी ऑफिस बंद करताना पोर्टलमधून लॉगआउट करा, मग ती खिडकी बंद करा. खिडकी बंद झाली की पोर्टही बंद होतो. एकदा १२७.०.०.१:९२२२ उघडून खात्री करा. हे काम बघणारा माणूस नोकरी सोडून गेला, तर पोर्टलचा पासवर्ड बदला आणि पोर्टलक्रोम हा फोल्डर अख्खा पुसून टाका. नवा माणूस आला की पहिल्या पायरीपासून नवा फोल्डर करा.